टायरचं वय

मंडळी, आधी कबुली देतो. माझ्याकडे एक दोन सीटची स्पोर्ट्स कार आहे. मर्सिडीज एसएलके, २००९ची, टप उघडणारी, इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना. २०२१ मध्ये मुंबईच्या एका गृहस्थांकडून घेतली, तेव्हा ती मला नव्या हॅचबॅकच्या किमतीत पडली. पन्नाशीतला वेडेपणा म्हणा हवं तर. टप उघडला की डिकीत भाजीची पिशवीसुद्धा जेमतेम मावते. बायकोचं म्हणणं, "अहो, एवढ्यात स्वयंपाकघर नवीन झालं असतं." तिचं बरोबरच आहे.

त्यामुळे हे वाचून कुणी श्रीमंतांचे चोचले म्हणालं तर मी वाद घालणार नाही. पण जरा पुढे वाचा, कारण विषय माझ्या गाडीपाशी थांबत नाही.

झालं असं. २०२५च्या जूनमध्ये, पहिला मोठा पाऊस पडून गेलेला, आम्ही दोघं इगतपुरीहून नाशिकला परत येत होतो. वाडीवऱ्हे मागे पडलं, विल्होळी जवळ आली. वेग साठच्या आसपास. पुढे एक मोटारसायकल, त्यावर नवरा-बायको आणि तिच्या मांडीवर लहान मूल. त्याने खड्डा चुकवायला अचानक वेग कमी केला, मी ब्रेक दाबला आणि गाडीची मागची बाजू उजवीकडे निघाली. ईएसपीचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला, स्टेअरिंग उलटं फिरवलं, आणि गाडी त्या मोटारसायकलच्या मागे हातभर अंतरावर थांबली. त्या बाईने वळून पाहिलं. बोलली काहीच नाही. तिची ती नजर घरी येईपर्यंत माझ्यासमोरून हलली नाही.

आता गंमत बघा. टायर गुळगुळीत झालेले नव्हते. मीच खाचेची खोली मोजली होती, पाच मिलिमीटर. नवा टायर साधारण आठचा असतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार कारला किमान १.६ मिलिमीटर लागते. म्हणजे कायद्याच्या तिप्पट नक्षी माझ्या टायरवर होती. २०२४ मध्ये गाडीला पंधरा वर्षं झाली, नोंदणीचं नूतनीकरण झालं, तपासणी झाली. तपासणाऱ्याने वाकून चारही टायर बघितले आणि पास केले. त्याचं काही चुकलं नाही. नियम खोली मोजतो, त्याने खोली बघितली.

मी पंचवीस वर्षं अंबडला रबराचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात काढली आहेत. सील, बुश, डायफ्राम. रबराचं म्हातारपण हा माझा रोजचा विषय, आणि तरी स्वतःच्या गाडीखाली बघायला मला विल्होळीचा पाऊस लागला. दुसऱ्या दिवशी कारखान्यातून ड्युरोमीटर घरी आणला. छोटं घड्याळासारखं यंत्र असतं, त्याची सुई रबरात दाबायची आणि आकडा वाचायचा. जितका आकडा मोठा तितकं रबर कडक. कारच्या नव्या टायरचा पृष्ठभाग साधारण साठ ते सत्तरच्या मध्ये येतो. माझे मागचे टायर आले ८०. मग बॅटरी घेऊन गाडीखाली आडवा झालो. टायरच्या बाजूवर डीओटी अक्षरांपुढे आकड्या-अक्षरांची ओळ असते, तिच्या शेवटच्या चार आकड्यांत जन्मतारीख. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. माझ्यावर होतं २३१५. २०१५ सालचा तेविसावा आठवडा, म्हणजे जूनच. टायरचा दहावा वाढदिवस आम्ही विल्होळीत साजरा केला होता.

रबर म्हातारं का होतं ते सोप्या भाषेत सांगतो. टायरचं रबर गंधकाने शिजवलेलं असतं. कारखान्यातून बाहेर पडलं तरी ते शिजणं पूर्ण थांबत नाही, उन्हाने आणि हवेतल्या ऑक्सिजनने हळूहळू चालूच राहतं. मऊपणासाठी घातलेली तेलं कमी होत जातात. ओझोनपासून वाचवायला रबरात एक मेण मिसळलेलं असतं, आणि टायर फिरताना दबतो-सुटतो तेव्हा ते पृष्ठभागावर येत राहतं. म्हणून रोज चालणाऱ्या टायरपेक्षा उभ्या गाडीच्या टायरला भेगा लवकर पडतात. आणि स्पोर्ट्स कार ही मुळात उभी राहणारी गाडी! माझी वर्षाला तीन हजार किलोमीटर चालते. नक्षी झिजायची वेळच येत नाही, त्याआधी रबर मरतं. मर्सिडीजच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं आहे की झीज कितीही कमी असो, सहा वर्षांनी टायर बदला. पुस्तिका चार वर्षं माझ्याच ग्लोव्ह बॉक्समध्ये पडून होती.

याचं जगभर गाजलेलं उदाहरण आहे. ३० नोव्हेंबर २०१३ रोजी कॅलिफोर्नियात सांता क्लॅरिटा इथे पोर्श कॅरेरा जीटीच्या अपघातात 'फास्ट अँड फ्युरियस'मधला नट पॉल वॉकर आणि गाडी चालवणारा त्याचा मित्र रॉजर रोडास, दोघं गेले. तपासात वेग ताशी ८० ते ९३ मैल निघाला, म्हणजे आपले १३० ते १५० किलोमीटर, आणि मुख्य कारण वेग हेच ठरलं. पण त्याच तपासात टायर नऊ वर्षांचे होते आणि त्यामुळे गाडीच्या पकडीवर परिणाम झाला असावा असंही नोंदलं गेलं. जगातल्या महागड्या गाड्यांपैकी एक, आणि टायर नऊ वर्षांचे. पैशाचा प्रश्न नव्हता हे उघड आहे. तिकडेही कुणी तारीख बघितली नसावी.

असो. टायर बदलायचे ठरलं. वाटलं, दुकानात जायचं, पैसे द्यायचे, संपलं. तीन महिने लागले.

माझ्या गाडीला पुढे आणि मागे वेगळे टायर आहेत. पुढे २०५/५५ आर १६, मागे २२५/५० आर १६. पुढचं माप आपल्याकडे कुठेही मिळतं, कितीतरी सेदान गाड्यांना तेच लागतं. मागचं माप कुणी विचारतच नाही. पहिल्या दुकानदाराने दोन मिनिटांत तोडगा काढला. "साहेब, चारही २०५ टाकून देतो. उंचीत काही फरक नाही, कुणाला कळणार पण नाही." उंचीचं त्याचं खरं होतं. घरी येऊन गणित केलं, दोन्ही टायरच्या व्यासात अर्ध्या मिलिमीटरचा फरक आहे. पण माझी मागची रिम आठ इंच रुंद आहे, आणि २०५/५५ हा टायर साडेपाच ते साडेसात इंचांच्या रिमसाठी असतो. आठवर चढवला तर बाजू ताणल्या जातात. शिवाय ही गाडी मागच्या चाकांनी ढकलली जाते, मागची पकड कमी केली की ओल्या रस्त्यात तेच विल्होळी पुन्हा. कंपनीने मागे रुंद टायर दिला तो दिसायला छान म्हणून नाही.

दुसरा म्हणाला, पुढे एका कंपनीचे घाला, मागे मिळेल ते. हा सल्ला तर सगळेच देतात. पुढचे टायर पाण्यात चिकटून राहिले आणि मागचे सुटले तर गाडी भोवऱ्यासारखी फिरते, म्हणून चारही एकाच कंपनीचे, एकाच प्रकारचे हवेत. तिसऱ्याने सतरा इंची अलॉय सुचवले. नाशिकचे खड्डे बघता पातळ टायर आणि मोठी रिम, नको रे बाबा. चौथ्याने मात्र खरंच मागच्या मापाची जोडी काढून दाखवली. परदेशी, चकाचक, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली. आयएसआयचा शिक्का नाही, आणि तारीख चार वर्षांपूर्वीची. आपल्याकडे टायरला आयएसआय सक्तीचा आहे. ही जोडी कुठल्या वाटेने आली असेल ते मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही.

हे माप मिळत का नाही यालाही एक सरकारी कारण आहे. जून २०२० मध्ये केंद्राने नव्या टायरची आयात खुल्या यादीतून काढून 'प्रतिबंधित' यादीत टाकली. म्हणजे परवाना काढून आणायचं. चीनमधून येणाऱ्या स्वस्त टायरना आवर घालणं आणि इथल्या कारखान्यांना काम मिळणं हा हेतू, आणि मी स्वतः रबराच्या धंद्यातला माणूस, मला तो चुकीचा वाटत नाही. पण जी मापं इथे कुणी बनवतच नाही त्यांची पंचाईत झाली. मूठभर गाड्यांसाठी कोण साचा काढणार? मग एकतर वाट बघा, नाहीतर चुकीचं माप घाला, नाहीतर शिक्का नसलेली जोडी गुपचूप घ्या. नियम सुरक्षेसाठी नव्हता, व्यापारासाठी होता, पण परिणाम शेवटी रस्त्यावरच येतो.

शेवटी मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडे नाव लिहून ठेवलं. मधल्या काळात कुठला प्रकार घ्यायचा याचा अभ्यास केला. टायरवर 'ट्रेडवेअर' म्हणून एक आकडा असतो, २००, ३००, ५०० वगैरे. मोठा आकडा म्हणजे जास्त टिकणार. आपल्या मराठी मनाला ५०० वाचूनच बरं वाटतं. पण माझी गाडी वर्षाला तीन हजार चालते! सहा वर्षांत अठरा हजार. नक्षी उरलेली असताना मी तो टायर वयामुळे फेकणारच आहे, मग टिकाऊपणाचे पैसे कशाला मोजू? त्यापेक्षा मऊ, पावसात धरणारा घ्यावा. म्हणून ३००च्या आसपासचा, आणि ओल्या रस्त्यावरच्या पकडीला 'एए' दर्जा असलेला निवडला. रोज साठ-सत्तर किलोमीटर जाणाऱ्याने नेमका याच्या उलट विचार करावा. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की चर्चा तिकडेच जाईल.

सप्टेंबरात व्यापाऱ्याचा फोन आला. "साहेब, माल आलाय, पण २२ तारखेपर्यंत थांबा, जीएसटी २८चा १८ होतोय." थांबलो. चार टायर अठ्ठावन्न हजारांना पडले. तारीख ११२५, मार्चमधले. ड्युरोमीटर लावला, ६६.

इथपर्यंतची गोष्ट हौशी माणसाची. पुढची तशी नाही.

दिवाळीच्या आधी मुंबई-आग्रा रोडवरच्या एका दुकानात टायर बसवायला गेलो. जुने काढून बाजूला ठेवले. दुकानदार म्हणाला, "पुढच्या दोघांचे पंधराशे-पंधराशे कापून घेतो बिलातून. मागचेही कुणी ना कुणी नेईल." मी म्हटलं, दहा वर्षांचे आहेत. तो हसला. "नक्षी बघा ना साहेब."

तिथेच एक पंचविशीतला मुलगा उभा होता. सिन्नरला माळेगाव एमआयडीसीत कामाला. जुनी स्कोडा लॉरा, बहुतेक चौथ्या हातातली, दोन लाखांत घेतलेली. भाऊबीजेला आईला घेऊन नागपूरला बहिणीकडे निघायचं होतं, समृद्धीने. माझ्या टायरवरून त्याने हात फिरवला.

"काका, तुमचेच ना हे? मर्सिडीजचे? देऊन टाकताय?"

"नाही रे, म्हातारे झालेत. रबर मेलंय त्यांचं."

"भरलेले तर आहेत."

मी त्याला तारीख दाखवली, नखाने दाबून कडकपणा दाखवला, बाजूच्या बारीक भेगा दाखवल्या. समृद्धीवर तासन् तास १२०ने काँक्रीटवर गाडी पळते, जुना टायर आतून तापतो, पट्टे सुटायला लागतात, हवा कमी असेल तर आणखी लवकर, असं सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि मग म्हणाला, "आता माझे बघा." बघितले. पुढच्या दोन्ही टायरच्या आतल्या कडेला तारा दिसत होत्या.

"मग काका, हे सोडून मी त्याच्यावर जाऊ?"

मला उत्तर सुचलं नाही. खरं सांगायचं तर त्या क्षणी माझे मेलेले टायर त्याच्या टायरपेक्षा बरेच होते. नवे दोन घे म्हटलं, साध्या कंपनीचे. सोळा-सतरा हजार लागले असते. त्याच्याकडे पाच होते. ट्रॅव्हल्सने जा म्हटलं. दिवाळीतले ट्रॅव्हल्सचे दर त्याला माझ्यापेक्षा चांगले माहीत होते. आई गाडीत बसायची म्हणून खूश आहे, म्हणाला.

मी टायर दिले नाहीत. बरोबर केलं की चूक, अजून ठरत नाही. देऊन त्या माउलीला काही झालं असतं तर? आणि न देऊन काय वेगळं झालं? दुकानदाराने, माझ्याकडे जरा रागानेच बघत, मागच्या ढिगातून दोन काढले. "हे घे, कमी चाललेले." मी पुढे होऊन बघितलं. एकावर ३२१८. दुसऱ्यावर तारीखच दिसेना, कारण चार आकडे बहुतेक वेळा टायरच्या एकाच बाजूला असतात. उलटा केला. १९१२. तेरा वर्षांचा टायर! मी म्हटलं, हा नको. दुकानदाराने आणखी एक शोधला, २०१७चा निघाला. त्यातल्या त्यात बरा. मुलाने साडेचार हजार दिले, टायर चढवले, मला "येतो काका" म्हणाला आणि गेला. हवा किती ठेव, ८०च्या वर जाऊ नको, एवढं मी ओरडून सांगितलं. त्याचा नंबर घ्यायला हवा होता. घेतला नाही. अठ्ठावन्न हजार स्वतःच्या हौसेवर घालून आलेला माणूस मी, दहा-बारा हजार त्याच्या टायरला घालून "सवडीने दे" म्हणता आलं असतं, हे मला घरी पोहोचल्यावर सुचलं. अशा गोष्टी घरी पोहोचल्यावरच सुचतात.

समृद्धी सुरू झाल्यावर टायर फुटून अपघात झाले, तेव्हा २०२३ मध्ये प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासून गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवायची मोहीम झाली. चांगलंच केलं. पण त्या तपासणीतून माझी गाडी सहज पुढे गेली असती, आणि त्या ढिगातला १९१२सुद्धा गेला असता, कारण त्याच्यावर नक्षी उत्तम होती. २०२२ मध्ये केंद्राने नव्या टायरसाठी ओल्या रस्त्यावरच्या पकडीचे निकष आणले. तेही चांगलं. पण ती परीक्षा टायर जन्मताना एकदा होते. नंतर तो पहिल्या मालकाकडून ढिगात, ढिगातून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जातो आणि त्याचं वय कुणी विचारत नाही. नूतनीकरणाच्या फॉर्मवर चार टायरच्या चार तारखा लिहायला किती वेळ लागेल? जुना टायर विकताना तारीख बिलावर टाकायची सक्ती करायला किती खर्च येईल? अर्थात जुन्या टायरला बिल असतं कुठे म्हणा. आमदार, खासदार मंडळींपैकी कुणी हे वाचत असतील तर एवढं बघा. आणि कुणाला हे नियम गरिबाच्या पोटावर पाय वाटत असतील, तर त्यांनाही मी चूक म्हणणार नाही. त्या मुलाच्या पाच हजारांत बसणारा सुरक्षित टायर कुठे मिळतो, याचं उत्तर माझ्या या मागणीत नाही.

आता माझे चार जुने टायर. दुकानातून परत आणले, दोन डिकीत कोंबले, दोन बायकोच्या सीटवर ठेवले, आणि ती रिक्षाने आली. त्यावर तिने काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही. कुणी उचलून वापरू नयेत म्हणून कारखान्यातला ग्राइंडर आणून चारही टायरच्या बाजू कापल्या. टाकाऊ टायर नोंदणीकृत रिसायकलरकडे जावेत ही जबाबदारी २०२२च्या नियमांनी टायर बनवणाऱ्यांवर टाकलेली आहे, पण माझ्यासारख्याने चार टायर घेऊन नेमकं कुठे जायचं, हे दुकानात कुणालाच सांगता आलं नाही. दोघा-तिघांनी भट्टीवाल्याचा पत्ता दिला. तो नको होता. म्हणून अजून सोसायटीच्या पार्किंगमध्ये पडलेत, आणि सेक्रेटरींचे दोन मेसेज येऊन गेलेत.

गेल्या आठवड्यात महापालिकेचा डेंग्यूवाला कर्मचारी आला होता. जुने टायर दिसले की ते आधी तिकडेच जातात. पाणी साचलंय का बघायला वाकला, आणि कापलेल्या बाजू बघून चक्रावला. "साहेब, एवढे चांगले टायर कापले कशाला?" मी त्याला आठवडा-वर्षाचं सगळं समजावलं. त्याने टॉर्च आपल्या मोटारसायकलकडे वळवला. आम्ही दोघं उकिडवे बसून मागच्या टायरवरची माती पुसत शोधत होतो. सापडलं, ०७१७. म्हणजे आमच्या पोरीपेक्षा मोठा, म्हणाला, आणि पुढच्या बिल्डिंगकडे गेला.